बाटलीवरचा भाव येतो कुठून? बांद्यापासून डहाणूपर्यंतच्या गिऱ्हाइकासाठी

बांदा ते पत्रादेवी हे अंतर गाडीने काही मिनिटांचं. पण बांद्यात वाइन शॉपच्या काउंटरवर जी बाटली मिळते, तीच, त्याच कंपनीची आणि त्याच मापाची बाटली पत्रादेवीच्या पलीकडे बरीच स्वस्त असते. कोकणाच्या दुसऱ्या टोकाला, डहाणू-तलासरीकडे, दमण आणि सिल्वासाच्या हद्दीवर तेच चित्र दिसतं. त्यालाच लागून गुजरात, जिथे दारूबंदीच आहे. कोकणपट्टीच्या दोन्ही टोकांना स्वस्त दारूचे मुलूख आहेत आणि मध्ये आपण, देशातल्या महाग राज्यांपैकी एका राज्यात.

त्यामुळे इथे तेच तेच प्रश्न सतत कानावर येतात. २०२५ मध्ये एवढी महाग का झाली? अमुक ब्रँड गोव्यात मिळतो, मग मालवणात का नाही? दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त मागतो, ते बरोबर आहे का? गोव्याहून दोन बाटल्या आणल्या तर चालतात ना? उत्तरं बहुतेक वेळा ऐकीव मिळतात, आणि ऐकीव उत्तरावर विसंबलेला माणूस एकतर जास्त पैसे मोजतो किंवा नाक्यावर अडकतो. म्हणून हे सगळं एकदा नीट समजून घेणं गरजेचं आहे. पिणाऱ्याला आहेच, पण ज्याच्या घरात, हॉटेलात किंवा गाडीत ही बाटली येते त्यालाही आहे.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. महाराष्ट्रात दारूच्या विक्रीचा वेगळा कायदा नाही. जो आहे तो दारूबंदीचा. मुंबई राज्यात १९४९ साली मुंबई दारूबंदी अधिनियम आला, आज त्यालाच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. बंदी पुढे सैल होत गेली, पण कायद्याचा सांगाडा तोच राहिला. या कायद्याच्या नजरेत दारू बनवणं, विकणं, नेणं, जवळ बाळगणं आणि पिणं हे सगळं मुळात मना आहे. ज्याला परवाना दिला त्याच्यापुरती सूट. वाइन शॉपचा मालक या सुटीत विकतो, परमिट रूमचा मालक या सुटीत वाढतो आणि पिणाराही, कागदावर तरी, या सुटीतच पितो. पिण्याचा परवाना नावाची गोष्ट खरोखर अस्तित्वात आहे. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला, तहहयात हजाराला. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर तो ऑनलाइन काढता येतो. बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो, पण कारवाईची वेळ आली की पहिला प्रश्न त्याचाच येतो. नियमाने पिणाऱ्याने तो काढून ठेवावा, हे माझं सरळ म्हणणं आहे. हजार रुपयांत आयुष्यभराची कटकट मिटते.

वयाची अटही याच सुटीचा भाग. बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण, व्हिस्की-रमसारख्या मद्यांसाठी आणि देशीसाठी २५. गोव्यात सगळ्याला २१ आहे. बावीस वर्षांच्या मुलाला पणजीत जे मिळतं ते वेंगुर्ल्यात नाकारलं जातं ते यामुळे. त्यात दुकानदाराचा आडमुठेपणा नाही.

दुकान खासगी, भाव सरकारच्या हातात

तमिळनाडूत दारूची किरकोळ दुकानं सरकारी महामंडळाची आहेत, केरळातही बहुतांश तशीच. तिथे भावाची यादी एकच असते आणि माल कुठे आहे हे एकाच यंत्रणेला ठाऊक असतं. महाराष्ट्रात दुकानं खासगी आहेत. त्यामुळे लोकांना वाटतं की भाव दुकानदार ठरवतो. तसं नाही. कंपनी आपला उत्पादन खर्च सरकारला जाहीर करते, त्यावर राज्य सरकार उत्पादन शुल्क लावतं, मग शुल्कासकटच्या रकमेवर व्हॅट लागतो, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा मिळवला जातो आणि शेवटी बाटलीवर एमआरपी छापली जाते. जीएसटी यात कुठेच नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पिण्याची दारू राज्यघटनेतच त्यातून बाहेर ठेवली गेली, कारण राज्यांच्या तिजोरीचा हा मोठा आधार आहे. प्रत्येक राज्याचं शुल्क वेगळं, म्हणून प्रत्येक राज्यात भाव वेगळा. गोव्याने शुल्क कमी ठेवलं. बांदा आणि पत्रादेवीमधला फरक म्हणजे एवढंच. दारू तीच, कर निराळा.

आता महागाईचं गणित. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दारूवरच्या शुल्कात मोठी वाढ केली. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचा, म्हणजे इथेच बनणाऱ्या व्हिस्की-रमसारख्या दारूचा, जाहीर उत्पादन खर्च लिटरमागे २६० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर आधी खर्चाच्या तिप्पट शुल्क होतं. ते साडेचार पट झालं. ऐकायला हे दीडपट वाढीसारखं वाटतं, पण बाटलीवर काय होतं ते बघा. समजा एका खंब्याचा, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीचा, उत्पादन खर्च १०० रुपये आहे. हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतलाय. आधी शुल्क ३०० रुपये, दोन्ही मिळून ४००. आता शुल्क ४५०, दोन्ही मिळून ५५०. व्हॅट या एकूण रकमेवर लागतो, म्हणजे वाढलेल्या दीडशे रुपयांवरही पुन्हा कर बसतो. त्यावर विक्रेत्याचा टक्केवारीतला नफाही थोडा फुगतो. बाटलीतल्या द्रवाची किंमत शंभरच राहिली, एमआरपी मात्र दीडशेपेक्षा जास्त वाढली. भाव प्रत्यक्षात कुठे ठरतो हे यावरून कळतं.

देशीचा हिशेब वेगळ्या मापाने होतो आणि तो समजायला थोडा किचकट आहे. देशीवर शुल्क प्रूफ लिटरमागे असतं. किती द्रव आहे यापेक्षा त्यात दारूचा अंश किती, हे मोजायचं ते माप. साधारण ५७ टक्के मद्यार्क म्हणजे पूर्ण प्रूफ धरतात. ४२.८ टक्क्यांची दारू त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणून तिचं एक लिटर म्हणजे पाऊण प्रूफ लिटर. त्याच निर्णयात देशीवरचं शुल्क प्रूफ लिटरला १८० वरून २०५ रुपये झालं. या तीव्रतेच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत ०.१३५ प्रूफ लिटर असतं, म्हणजे शुल्क सुमारे २४ वरून २८ रुपयांच्या आसपास गेलं. वाढ साडेतीन रुपयांचीही नाही. तरी किरकोळ भाव त्याहून जास्त चढला, कारण त्याच वेळी सरकारने किमान विक्री किंमतही ठरवून दिली. १८० मिलिलिटरला देशी ८० रुपये, भारतीय बनावटीचं विदेशी मद्य २०५ आणि उंची विदेशी मद्य ३६०. यांच्यामध्ये एक नवा प्रकार बसवला, महाराष्ट्र मेड लिकर. धान्यापासून बनलेलं, राज्यातल्याच उत्पादकांचं मद्य, किमान किंमत १४८ रुपये. आधी ज्या क्वार्टरला सव्वाशेच्या आत-बाहेर मोजावे लागत, ती आता २०५ च्या खाली कायदेशीर दुकानात मिळणारच नाही. म्हणून वाइन शॉपमध्ये कुणी १५० ला 'विदेशी' क्वार्टर देत असेल तर थांबा. ती एकतर नव्या प्रकारातली आहे किंवा तिच्यात काहीतरी गडबड आहे.

बिअर आणि वाइन या वाढीतून वगळल्या होत्या. आयात स्कॉचचा प्रवास तर उलटा झालाय. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्यावरचं राज्याचं शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं, कारण लोक ती दिल्लीहून किंवा विमानतळावरून आणत होते आणि इथला कर बुडत होता. शुल्क घटवलं तर महसूल वाढतो असं सरकारने एका ठिकाणी मान्य केलं आणि चार वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी नेमकं उलट केलं. स्वस्त मद्य पिणाऱ्यावर बोजा टाकला आणि महाग पिणाऱ्याला सवलत दिली, हे मला पटत नाही. हातावर पोट असणारा खलाशी किंवा चिरेखाणीतला मजूर भाव वाढला म्हणून पिणं थांबवत नाही, तो हातभट्टीकडे वळतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं, आणि मेलेले बहुतेक रोजंदारीवरचे होते.

मिळणं आणि न मिळणं

भावाइतकाच उपलब्धतेचा प्रश्न परवान्यांत अडकलेला आहे. सीलबंद विदेशी मद्य विकणारं वाइन शॉप म्हणजे एफएल-२ परवाना. बसून पिण्याची परमिट रूम म्हणजे एफएल-३. बिअर शॉपी म्हणजे एफएल/बीआर-२, तिथे बिअर आणि वाइन मिळते, व्हिस्की नाही. देशीचं दुकान म्हणजे सीएल-३. विक्रेता दुकानात परवाना लावतो, त्यावरचा हा प्रकार वाचला की काय मागायचं आणि काय नाही ते कळतं. परमिट रूमवाल्याने सीलबंद खंबा घरी न्यायला विकणं त्याच्या परवान्यात बसत नाही, शेजारी वाइन शॉप बंद असलं तरीही.

यात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी की नव्या वाइन शॉपचे परवाने देणं राज्याने १९७० च्या दशकापासून थांबवलेलं आहे. जुने परवाने हस्तांतरित होतात, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलतात, पण नव्याने मिळत नाहीत. त्या काळात गुहागर, देवगड, श्रीवर्धन इथे पर्यटक किती येत होते? जिथे तेव्हा दुकान होतं तिथे आज दुकान आहे. जिथे नव्हतं तिथे आज रिसॉर्टांची रांग असली तरी वाइन शॉप गावापासून लांबच राहतं. बिअर शॉपी आणि परमिट रूम मात्र नव्याने निघाल्या, म्हणून किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत त्या दिसतात आणि वाइन शॉप दिसत नाही.

ब्रँड न मिळण्याचं कारण साधारण दोनपैकी एक असतं. प्रत्येक ब्रँडचं लेबल राज्यात दरवर्षी नोंदवून घ्यावं लागतं, त्याचे पैसे भरावे लागतात. छोट्या कंपन्या गोव्यात नोंदणी करतात आणि महाराष्ट्रात करत नाहीत. मग तो माल इथे कायदेशीरपणे येऊच शकत नाही, दुकानदाराला कितीही विनवा. दुसरं कारण खपाचं. किरकोळ दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून माल नेण्याच्या पासवर माल उचलतो, आणि राजापूर किंवा मुरूडसारख्या गावात महिन्याला एखादी बाटली खपणारा ब्रँड तो पैसे अडकवून ठेवत नाही. अशा वेळी दुकानात आधी सांगून ठेवलं तर पुढच्या मालाबरोबर तो मागवून देतो. पाहुणे येणार असतील तर हाच सरळ मार्ग.

महामार्गाचं प्रकरणही कोकणाने जवळून पाहिलं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून मुंबई-गोवा महामार्गावरची कित्येक दुकानं आणि बार एका रात्रीत बंद झाले. लहान वस्तीच्या गावांत हे अंतर २२० मीटरवर आणलं गेलं, पुढे नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना यातून मोकळीक मिळाली, नंतर ग्रामपंचायतींबाबत राज्यांना विचार करायला सांगितलं. महाड किंवा चिपळूणसारख्या शहरात महामार्गालगत दुकान दिसतं आणि पुढच्या खेड्यात आत वळावं लागतं, यामागे हा इतिहास आहे.

दिवसांचंही भान ठेवावं लागतं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस सर्वांना ठाऊक असतात. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही कोरडा. याशिवाय कायद्याच्या कलम १४२ खाली जिल्हाधिकारी शांतता राखण्यासाठी कुठल्याही दिवशी दुकानं बंद ठेवायला सांगू शकतात, आणि गणेशोत्सवात विसर्जनाच्या दिवशी असे आदेश निघतात. हे आदेश जिल्ह्यापुरते असतात, म्हणून रत्नागिरीत बंद तर सिंधुदुर्गात चालू असं होऊ शकतं. स्थानिक वर्तमानपत्रात आदल्या दिवशी पाहणं हा भरवशाचा उपाय.

आणि एक अधिकार गावातल्या बायकांच्या हाती आहे. प्रभागातल्या किंवा गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं तर दुकान राहावं की जावं यावर गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात. आडवीला नियमात ठरलेलं बहुमत मिळालं की दुकान बंद. कुठल्याही मंत्र्याच्या निर्णयाइतकाच हा निर्णय बंधनकारक आहे.

छापील किंमत आणि हॉटेलचं बिल

वाइन शॉपमध्ये एमआरपी म्हणजे वरची हद्द. थंड करून दिल्याचे दहा रुपये, पिशवीचे पाच, रात्री उशिरा आल्याचे वीस, यातलं काहीच वैध नाही. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या गावांत कूलिंगचे म्हणून जादा घेणं इतकं सवयीचं झालंय की गिऱ्हाईक मुकाट देतं. देऊ नका. पक्कं बिल मागा, बाटलीवरच्या किमतीचा फोटो काढा आणि जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. परवाना, वेळ आणि भेसळ यांबद्दलची तक्रार राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या १८००८३३३३३३ या टोल-फ्री क्रमांकावर होते. भाववाढ झाल्यावर दुकानात काही दिवस जुना आणि नवा असा दोन्ही छापांचा माल असतो. जुन्या बाटलीवर जो आकडा आहे तोच द्यायचा, कागद चिकटवून वाढवलेला नाही.

बाटली हातात घेतल्यावर किमतीखेरीज चार ओळी वाचाव्यात. विक्री महाराष्ट्रासाठीच आहे असं लिहिलंय का, बॅच क्रमांक आणि तारीख पुसट तर नाहीत ना, मद्यार्काचं प्रमाण किती, आणि झाकणाचं सील अखंड आहे का. महागड्या ब्रँडच्या रिकाम्या बाटल्या भंगारातून गोळा करून त्यात स्वस्त दारू भरण्याचा धंदा चालतो. घरची रिकामी बाटली टाकताना तिचं लेबल फाडलं तर हा धंदा तेवढा अवघड होतो.

हॉटेलात हिशेब वेगळा. तिथे बाटलीबरोबर जागा, बर्फ, सेवा विकली जाते, म्हणून पेगचा भाव एमआरपीशी बांधलेला नाही. मात्र तो मेन्यूत लिहिलेला हवा. बिलात दारूवर व्हॅट येतो, जो नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला, आणि जेवणावर साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के जीएसटी. समजा मालवणात दोघांनी ६०० रुपयांचं मद्य आणि ८०० रुपयांचं सुरमईचं जेवण घेतलं. मद्यावर ६० रुपये व्हॅट, जेवणावर ४० रुपये जीएसटी, एकूण १५००. मद्याच्या रकमेवर जीएसटी लावला असेल तर ते चूक आहे. सेवाशुल्क ऐच्छिक आहे, नको म्हटलं तर काढावंच लागतं. हॉटेलवाल्यांची बाजूही खरी आहे. शुल्क, व्हॅट आणि परवाना फी तिन्ही वाढल्यावर १४ जुलै २०२५ ला राज्यभर परमिट रूम बंद ठेवून त्यांनी निषेध केला होता. पण त्याची भरपाई चुकीच्या बिलातून होऊ नये.

अलिबाग, काशीद, गणपतीपुळे इथे आलेल्या पर्यटकांची फसवणूक आता नव्या वाटेने होते. इंटरनेटवर वाइन शॉपच्या नावाने खोटा फोन नंबर टाकलेला असतो. घरपोच देतो म्हणतात, आधी पैसे मागतात, मग ओटीपी. दारूबंदी कायद्यानुसार दारूची जाहिरात करायलाच मनाई आहे. त्यामुळे सवलतीचे फलक लावून व्हॉट्सअॅपवर घरपोच देणारं 'दुकान' दिसलं की आगाऊ पैसा पाठवू नये. रिसॉर्टच्या माणसाला विचारून दुकानात स्वतः जावं.

गोव्याची बाटली

आता तो शेवटचा, सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. गोव्यातली बाटली तिथे विकत घेणं आणि तिथे पिणं वैध आहे. तिने हद्द ओलांडली की महाराष्ट्राच्या कायद्याने ती शुल्क न भरलेली परराज्यातली दारू ठरते, आणि इथल्या परवान्याशिवाय ती आणणं गुन्हा आहे. दोन बाटल्या चालतात, सील फोडलेली चालते, दुकानाचं बिल असलं की चालते, हे सगळे गैरसमज आहेत. गोव्याचं बिल फक्त गोव्यात कर भरल्याचा पुरावा आहे. सावंतवाडी तालुक्यात इन्सुलीला उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे, आणि आंबोली, दोडामार्ग, आरोंद्याच्या वाटांवरही गस्त असते. बाटल्या जप्त होतातच, वाहनही जप्त होतं, आणि ते सुटेपर्यंत न्यायालयाच्या फेऱ्या सुरू राहतात.

पर्यटकाचं एका फेरीत नुकसान होतं. सीमेवरच्या गावांतल्या मुलांचं मात्र आयुष्य अडतं. दोन खोकी पलीकडे पोचव, हजार-दोन हजार घे, असं सांगून त्यांच्या दुचाक्या आणि टेम्पो वापरले जातात. माल ज्याचा असतो तो कधी नाक्यावर नसतो. गुन्हा गाडी चालवणाऱ्यावर नोंदला जातो, आणि मग पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत, पासपोर्टच्या अर्जात, परदेशी जहाजावर किंवा आखातात नोकरीसाठी लागणाऱ्या दाखल्यात तो पुढे येतो. सावंतवाडी-दोडामार्गातल्या घराघरातून गोव्यात आणि पुढे आखातात नोकरीला जाणारी मुलं असतात, त्यांच्या दृष्टीने हा दाखला किती मोलाचा आहे हे तिथल्या आईबापांना वेगळं सांगायला नको. अशी फेरी कुणी मारायला सांगितली तर घरात आधी हे बोलून घ्या, आणि ज्याने सांगितलं त्याला आपल्या गाडीची किल्ली देऊ नका.